बाहुला म्हणायचं नाही!

दातवाला जिना चढून वर आला तेव्हा त्याच्या हातात एक कवळी होती आणि शर्टाच्या खिशात एक पाणबुड्या.

कवळी पोस्टमास्तरांची. त्यांना निवृत्त होऊन जमाना झाला, पण हुद्दा काही त्यांना सोडून गेला नव्हता. दात मात्र गेले होते. आदल्या दिवशी एका कडक टॉफीशी झुंजताना कवळीला तडा गेला आणि ती दातवाल्याच्या टेबलावर येऊन पडली. तो काही दंतवैद्य नव्हे. दंतवैद्य माप पाठवतात आणि त्या मापाचे दात हा घडवतो. पडद्यामागचा माणूस. रविवार असूनही तो स्वतः कवळी पोचवायला निघाला, कारण पोस्टमास्तरांच्या सुनेनं फोनवर अगदी गळ घातली होती. "आज त्यांची बैठक आहे हो. आणि तेच अध्यक्ष! दातांशिवाय नुसते बघत बसतील बिचारे."

बैठक चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत भरली होती. दाराशी छत्र्या निथळत होत्या. आत लांब टेबलावर रंगीत पुठ्ठे ओळीनं मांडलेले, प्रत्येक पुठ्ठ्यावर प्लॅस्टिकचा पारदर्शक फुगा चिकटवलेला (दोन्ही मिळून झालं खोकं) आणि फुग्यात वीतभर उंचीचा एकेक वीर – अंतराळवीर, अग्निशामक, वैमानिक. आणि भोवती चांगली घोड्याएवढी माणसं तावातावानं भांडत होती.

"गुडघा बघा, गुडघा!" बेकरीवाले गरजले. पावासारखेच फुगलेले गृहस्थ. "आपल्या लहानपणी गुडघा वाकवला की वाकलेला राहायचा. आता? उभा केला की लोटांगण!"

"तुम्ही कधी उभा केलात?" वकीलीणबाईंनी चष्म्यावरून विचारलं. "खोकं फोडलंत?"

"छे छे! भलतंच काय बोलता भरल्या बैठकीत! बाहेरून दिसतंय ना."

"गुडघ्याचं राहू द्या, किमतीचं बोला. पूर्वी घोडेस्वारासोबत घोडा मिळायचा. आता घोडा वेगळा, खोगीर वेगळं. पुढल्या वर्षी शेपूट वेगळं विकतील."

"आणि ती जाहिरात! दर महिन्याला 'अखेरची संधी'! अहो, किती वेळा मरायचं त्या संधीनं?"

भांडण चाललं होतं 'जुने गडी' नावाच्या कंपनीवरून. लहानपणी मिळायचे तसले शूरवीर ही कंपनी नव्यानं काढायची आणि ही मंडळी ते जमवायची. जमवायची आणि शिव्या द्यायची, शिव्या द्यायची आणि जमवायची. प्रेमाचाच एक प्रकार म्हणायचा, दुसरं काय!

अध्यक्षस्थानी पोस्टमास्तर एक बोट वर करून बसले होते. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, पण तोंडातून नुसती हवाच येत होती. दातवाल्यानं अदबीनं डबी पुढं केली. त्यांनी कवळी बसवली, जबडा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवला, आणि—

"—आणि म्हणूनच मी म्हणत होतो," ते म्हणाले, "की बहिष्कार घाला!"

तासभर अडकलेलं वाक्य सुटलं. खोलीनं टाळ्या वाजवल्या.

दातवाला हसत मागं वळला. तेवढ्यात बाजूनं हळूच आवाज आला, "तुमच्या खिशात... कोण आहे?"

खिडकीशी एक मुलगी बसली होती. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात पोलादी पट्टी, पाठीवर जाड वेणी. तिचा आवाज इतका मऊ, की ऐकायला माणसाला पुढं झुकावंच लागे. तो झुकला... आणि झुकलेलाच राहिला.

"हा? पाणबुड्या."

"तो दिसतोय. त्याचं खोकं?"

"ते... टाकलं की कचऱ्यात."

बेकरीवाले हळूच खुर्चीत बसले. कुणीतरी पाणी मागवलं.

"घराला आग लागली होती का?" तिनं विचारलं. अगदी कळवळून.

"नाही हो. मला त्याच्याशी खेळायचं होतं."

असं वाक्य त्या खोलीत आजवर उच्चारलं गेलं नव्हतं. तिनं भिंग तोंडासमोर धरलं, हसू लपवायला. पण भिंगातून ते हसू चांगलं मोठं होऊन दिसलं, हे बिचारीच्या लक्षात आलं नाही. दातवाल्याच्या मात्र आलं. त्याचं काळीज त्याच क्षणी लोटांगण घालून मोकळं झालं.

"इतका गोड बाहुला आहे," तो सारवासारव करायला गेला, "त्याला कोंडून काय ठेव—"

"बाहुला म्हणायचं नाही!" सगळे एका सुरात ओरडले. "फिगर म्हणा!"

*

ती लिफ्ट तपासनीस होती. शहरभरच्या इमारतींमधून फिरायची, लिफ्टच्या डोक्यावर चढायची, दोर बघायची, ब्रेक बघायची, आणि तिची सही झाल्याशिवाय लिफ्ट हलायची नाही. बैठकीतही तेच. एखादी फिगर अस्सल की बनावट हे ती सांगायची, आणि तिनं सांगितलं की संपलं. वकीलीणबाईसुद्धा तिच्यापुढे उलटतपासणी करत नसत. तिचं ब्रीद एकच होतं: खात्री झाल्याशिवाय बोलायचं नाही, आणि बोललं की फिरायचं नाही. अशा शब्दाला वजन येतंच. त्यासाठी आवाज चढवावा लागत नाही.

दातवाला पुढच्या रविवारी आला. कवळी घट्ट बसतेय का बघायला. त्याच्या पुढच्या रविवारी आला, सैल बसतेय का बघायला. तिसऱ्या रविवारी पोस्टमास्तर म्हणाले, "बाबा रे, माझं तोंड ठणठणीत आहे. तू खुर्ची ओढ आणि बस."

तो बसला. तिच्या समोर. आणि तिच्याशी भांडू लागला.

"किंमत योग्यच आहे," ती म्हणायची. "चेहरे हातानं रंगवतात."

"हातानं? या वैमानिकाच्या भुवया बघा. रंगवणाऱ्याला ऐन वेळी शिंक आलेली आहे."

"ती उडतानाची भुवई आहे."

"एकच उडालीय."

"दुसरी... निघायच्या बेतात असेल."

ती हे इतक्या गंभीरपणे म्हणायची की तो स्वतःचीच भुवई चाचपून बघायचा. भांडणात तो रविवारमागून रविवार हरत गेला आणि दर वेळी थोडा जास्त खुशीत घरी गेला.

बैठक सुटल्यावर दोघांची बस एकाच थांब्यावर यायची. निदान त्याची यायला लागली. एरवी त्याची बस दुसऱ्या रस्त्यानं जायची. रिमझिम असली की तो छत्री विसरायचा. मुद्दाम.

"तुम्ही एकही खोकं फोडलं नाहीत? आजवर?" एकदा त्यानं विचारलं.

"नाही." ती छत्री त्याच्याकडे कलती करत म्हणाली. "मी दिवसभर झिजलेलंच बघते हो. झिजलेले दोर, झिजलेली चाकं, दाबून दाबून आकडा गेलेली बटणं. घरी आलं की वाटतं, एखादी गोष्ट असावी... आली तशीच राहिलेली."

"माझं उलटंय. मी दिवसभर नवंकोरंच बघतो. डबीतले दात. सुंदर, पांढरेशुभ्र – पण कुणाचेच नाहीत. कुणीतरी तोंडात घालून पहिला घास घेतला की मग ते दात."

तिनं छत्री या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाली, "वाद चांगला घालता तुम्ही. फक्त उदाहरणं जरा... ओली असतात."

त्याच संध्याकाळी तिनं मनातलं सांगितलं. 'जुने गडी'नं आजवर बायका काढल्या त्या दोनच: एक राणी आणि एक खलनायकाची भाची. राणी नुसती उभी, भाची नुसती पळती. "मी त्यांना कितीदा लिहिलं. म्हटलं, एक कामावरची बाई काढा. हातात पाना, कमरेला टॉर्च. उत्तर येतं – आपलं मत मोलाचं आहे, सोबत घोड्यावर सवलत."

"आणि काढली तर?"

"तर..." ती थांबली. बस आली होती. पायरीवर चढून ती वळली. "तर मला वाटेल, कुणीतरी माझं ऐकलं."

बस गेली. दातवाला पावसात उभाच. त्यानं ऐकलं होतं. अगदी शब्द न् शब्द ऐकलं होतं.

*

जेवणाच्या सुट्टीत इतर कारागीर डबे उघडायचे तेव्हा तो मेणाचा गोळा घेऊन बसायचा. दात कोरायच्या बारीक हत्यारांनी त्यानं वेणी कोरली, कवळीच्या मसाल्यात अंग ओतलं, आणि दातांच्या छटा जुळवायची पट्टी समोर धरून तिच्या गालांचा रंग जुळवला. हे शेवटचं काम स्मरणानंच करायचं होतं, पण त्यात काही अडचण आली नाही. कमरेला टॉर्च. हातात पाना. आणि डावी भुवई किंचित वर – तिला एखादी गोष्ट पटली नाही की जाते, तेवढीच.

गुडघ्यांवर त्यानं सर्वांत जास्त वेळ घालवला. कवळी तोंडात डुगडुगली तर गिऱ्हाईक शिव्या घालतं. डुगडुगणारं काही हातून सोडायची त्याला सवयच नव्हती.

प्रश्न खोक्याचा होता. बिनखोक्याची वस्तू ती हातात तरी घेईल का? मग त्यानं 'जुने गडी'चा एक अंतराळवीर विकत आणला, वाफेवर धरून फुगा अलगद सोडवला आणि त्याच पुठ्ठ्यावर हिला बसवली. कंपनीचे सगळे पुठ्ठे सारखेच. फक्त खालची नावाची पट्टी बदलते. ती त्यानं नवी छापून लावली: 'तपासनीस'.

"झक्क!" त्याची ताई म्हणाली. ताई बस स्थानकावर घोषणा करायची आणि घरीही तिचा आवाज फलाटाएवढाच असायचा. "आता जा आणि दे! तोंडानं सांग! काय सांगशील?"

"मी... तिच्या खुर्चीवर ठेवीन."

"आणि?"

"आणि ती बघेल."

"आणि तू?"

"मी बघेन ती बघते का ते."

ताईनं कपाळावर हात मारला. तोही शेजारी ऐकू गेला.

रविवारी तो सगळ्यांच्या आधी गेला, बाहुली तिच्या खुर्चीवर ठेवली आणि धीर गोळा करायला खाली जाऊन दुकानातले चष्मे बघत बसला. धीर गोळा होईपर्यंत वर बैठक गोळा झाली. तो आला तेव्हा सगळे तिच्या खुर्चीभोवती कोंडाळं करून उभे होते आणि ती भिंग लावून पुठ्ठा तपासत होती. कडा बघितल्या. मागचा ठसा बघितला. डिंकाची रेघ बघितली. पट्टीनं फुग्याची उंची मोजली. मग मान वर केली.

"अस्सल आहे," ती म्हणाली. "कंपनीचाच पुठ्ठा, कंपनीचाच फुगा. बाजारात न आलेला नमुना."

खोलीत एकच गिल्ला झाला.

"बघा! शेवटी केलंच ना चांगलं काम!" बेकरीवाले ओरडले. "चेहरा बघा! अगदी ओळखीचा वाटतो!"

"जाहिरातबाजी! मुद्दाम आणून टाकला," वकीलीणबाई. "आणि किंमत किती लावणार? टॉर्च वेगळा, पाना वेगळा!"

दातवाल्यानं तोंड उघडलं. "अहो, ते... मी..."

पण ती त्याच्याकडेच बघत होती. डोळे भरलेले. "त्यांनी माझं ऐकलं," ती म्हणाली. "बघा ना... ऐकलं त्यांनी."

तोंड उघडं होतं तसंच मिटलं.

त्या संध्याकाळी थांब्यावर ती खोकं छातीशी धरून कंपनीचं गुणगान गात होती. किती समजूतदार कंपनी! किती बारीक लक्ष! दातवाला मान डोलवत होता. माणसाचा मत्सर वाटणं समजू शकतं. पण एका कंपनीचा मत्सर, आणि तोही आपणच केलेल्या कामावरून? असा प्रसंग देवानं फार थोड्यांवर आणला असेल.

"गाढवा!" घरी ताईनं घोषणा केली. "सांगून टाक!"

"कसं सांगू? सगळ्यांसमोर तिनं 'अस्सल' म्हटलंय. मी सांगितलं तर तिचा शब्द खोटा पडतो. तिच्याकडे दुसरं काय आहे गं? शब्दच तर आहे."

"आणि नाही सांगितलंस तर?"

तो पाणबुड्याचा गुडघा वाकवत बसला.

*

तिनं पाठवलेला आभाराचा निरोप कंपनीत पोचला आणि पुढच्या रविवारी कंपनीचे मालक जातीनं आले. बहिष्काराची भाषा करणाऱ्या मंडळींनी त्यांना सर्वांत चांगली खुर्ची दिली. मालक बुटके, घामाघूम, हातात बॅग, बोलणं फटाक्याच्या माळेसारखं. त्यांनी बाहुली हातात घेतली. क्षणभर – अगदी क्षणभर – त्यांचा चेहरा कोरा पडला. ते फक्त दातवाल्यानं पाहिलं.

"हां... हिचं काय विचारता!" मालक म्हणाले. "आमचीच! गुपित ठेवलं होतं, फुटलं! आजपासून आगाऊ नोंदणी. थोडेच नग. म्हणजे... अखेरची संधी!"

दातवाल्यानं मनातल्या मनात हिशेब मांडला. त्यानं कंपनीची नक्कल केली होती. आता कंपनीनं त्याची चोरी केली. हिशेब चुकता झाला म्हणायचा. त्याचं त्याला फार दुःखही झालं नाही. घेऊन जा म्हणावं, बाबा. पण मालक पुढं म्हणाले—

"आणि प्रत्येक खोक्यावर या मॅडमचं प्रमाणपत्र! फोटो, सही, 'मी स्वतः तपासली'. काय मॅडम?"

तिनं पेन उघडलं.

खोटी सही. तिची. प्रत्येक खोक्यावर.

"थांबा!" दातवाला उभा राहिला तो खुर्चीसकट. "ती यांची नाही. मी केलीय."

मालक हसले. "तुम्ही कोण?"

"मी... दात करतो."

"दात! ऐका मंडळी, दात करतात! पुरावा काय?"

"फोडून बघा. तुमची फिगर बाहेर काढली की टेबलावर उभी राहत नाही. ही राहील."

मालक निवांत मागं रेलले. ही मंडळी जीव देतील पण खोकं फोडणार नाहीत, यावर तर त्यांचा सगळा धंदा उभा होता. "अवश्य! फोडा ना. कोण फोडतंय?"

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती दातवाल्याकडे बघत होती. डावी भुवई किंचित वर.

"गेल्या रविवारी का नाही बोललात?"

"तुम्ही इतक्या खुशीत होतात... आणि सगळ्यांसमोर तुमचा शब्द..."

"माझा शब्द मी सांभाळला असता." आवाज मऊच होता, पण या वेळी त्याला झुकायची हिंमत झाली नाही. "आठवडाभर मला चुकीची ठेवलीत तुम्ही. ते जास्त वाईट."

त्यानं नुसती मान हलवली.

तिनं अंगठ्याचं नख फुग्याच्या कडेखाली घातलं.

"अगं बाई!" वकीलीणबाई किंचाळल्या. बेकरीवाल्यांनी डोळे मिटले. पोस्टमास्तरांनी, कोण जाणे का, कवळीवर हात ठेवला.

*फट्.*

बाहुली बाहेर आली. तिनं ती टेबलावर उभी केली आणि हात काढला. उभी. मग एक पाय वर केला. एका पायावर उभी! बेकरीवाल्यांनी एक डोळा उघडला, टेबल हलवून बघितलं. तरी उभी.

"आता तुमची," ती मालकांना म्हणाली.

मालकांनी बॅगेतून एक पाणबुड्या काढला, फोडला, उभा केला. पाणबुड्यानं सभेला वंदन केलं आणि नाकावर आपटला. दुसऱ्यांदा केला, दुसऱ्यांदा आपटला. तिसऱ्यांदा मालकांनीच त्याला आडवा ठेवला आणि रुमालानं कपाळ पुसलं.

"गुडघा स्वस्तातला आहे," ते एकदम साध्या माणसासारखं बोलले. "माहीत आहे मला. चांगला गुडघा परवडेना, म्हणून जाहिरात केली. जाहिरातीला पैसे गेले, म्हणून किंमत वाढवली. मग गुडघ्याला काही उरेचना..." 

त्यांचा चेहरा बघून पोस्टमास्तरांनी त्यांना स्वतःच्या डबीतली टॉफी दिली.

ती मात्र उभी राहिली होती. हातात मोकळी बाहुली. "मंडळी, गेल्या रविवारी मी चुकले," ती म्हणाली. "मी खोकं तपासलं. आतली बाई तपासलीच नाही. मला फार हवं होतं ना, म्हणून. माझा शब्द मी परत घेते."

आणि दार उघडून निघून गेली.

वकीलीणबाई दातवाल्याला म्हणाल्या, "अहो, बघता काय? जा ना! ही तरी अखेरची संधी आहे की नाही?"

*

ती जिन्याच्या पहिल्या वळणावर थांबली होती. वरच्या झरोक्यातून पावसाळी उजेड येत होता आणि ती त्या उजेडात बाहुलीचा चेहरा बघत होती.

"भुवई," ती मान वर न करता म्हणाली. "ही माझी आहे."

"हो. जेवणाच्या सुट्ट्यांत कोरली. पुठ्ठा एका अंतराळवीराचा घेतला."

"माझी जाते अशी वर?"

"आत्तासुद्धा गेलीय."

तिनं पटकन बोटानं भुवई खाली केली. मग बाहुलीचा एक गुडघा वाकवून बघितला. त्याला वाटलं, आपलं सगळं संपलं. त्यानं जिन्याचा कठडा धरून ठेवला.

"ऐका माझं मत," ती अखेर म्हणाली. "दर्जा – उत्तम. गुडघे तर फारच. किंमत – जेवणाच्या सुट्ट्या आणि एक अंतराळवीर. जरा जास्त झाली, पण ठीक. जाहिरात मात्र अगदीच वाईट! इतकं चांगलं काही सांगायचं असेल तर माणसानं खुर्चीवर ठेवून पळू नये. तोंडानं सांगावं."

"सांगू?"

"मी कुठं अडवलंय?"

"मला..." त्यानं घसा साफ केला. "मला तुम्ही... म्हणजे रविवारी तर येतोच मी, पण इतर वारीसुद्धा मला जरा..."

"लिफ्ट मधेच अडकली," ती म्हणाली. "पुन्हा वरून सुरू करा."

त्यानं कठडा सोडला. डोळे मिटले. "मला तुम्ही आवडता. खूप. तुम्ही भांडता तेव्हा तर फारच."

ती लाल झाली. इतकी, की छटा जुळवायला त्याच्या पट्टीत रंग सापडला नसता. पण आवाज कामावरचाच ठेवला. "रिकामी लिफ्ट कुणीही वर नेतं हो. मी एवढ्यावर सही करत नाही. मग अर्ध्या वजनानं चालवून बघते, मग पूर्ण."

"म्हणजे?"

तेवढ्यात वरून पोस्टमास्तर आणि वकीलीणबाई उतरताना दिसले. काही ऐकू येतं का, म्हणून दोघं पाय न वाजवता येत होते.

"हे अर्धं," ती कुजबुजली.

दातवाल्यानं एकवार त्या दोघांकडे बघितलं. मग तिच्याकडे. "मला तुम्ही आवडता!"

"कोण, मी?" पोस्टमास्तर दचकले.

"तुम्ही नाही हो!" वकीलीणबाईंनी त्यांचं मनगट दाबलं. आणि मागोमाग उरलेली बैठक जिन्यावर येऊन ठेपली: बेकरीवाले, चष्म्याच्या दुकानाचा मालक, टॉफी चघळत कंपनीचे मालक. पायऱ्या गच्च भरल्या.

"पूर्ण," ती म्हणाली. आता तिचं हसू लपायला भिंग नव्हतं.

दातवाल्यानं छाती भरून श्वास घेतला. ताईचाच तो भाऊ. रक्तात होतं ते आज प्रथमच गळ्यात आलं.

"मला तुम्ही आवडता! आणि बाहुली मी तुमच्यासाठीच केली! आणि मी तिला बाहुलीच म्हणणार!"

जिना दणाणला. खालून कुणीतरी विचारलं, कुठली बस सुटतेय.

"हे जाहिरातीत घेऊ का?" कंपनीच्या मालकांनी हळूच विचारलं.

"नाही!" सगळे ओरडले.

सगळे तिच्याकडे बघत राहिले. ती एक पायरी वर चढली, त्याच्या कानाशी आली, काहीतरी बोलली – तिच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे दुसऱ्या कुणाला ऐकू जाणं शक्यच नव्हतं – आणि त्याचा हात धरून त्याला जिन्यावरून खाली घेऊन गेली. बाहेर पाऊस लागला होता. छत्री एकच उघडली.

वर जिन्यात मंडळी तशीच उभी.

"काय म्हणाली?" बेकरीवाल्यांनी विचारलं.

"'हो' म्हणाली," पोस्टमास्तर म्हणाले.

"तुम्ही ऐकलंत?"

"ऐकलं नाही. पण बाहेरून दिसतंय ना!"

"अहो, नुसत्या दिसण्यावर कसं मानायचं?" वकीलीणबाईंनी चष्मा पुसला. "हात धरला, मान्य. छत्री एक, मान्य. पण 'बघू' म्हणाली असेल तर?"

"पूर्वी मुली स्पष्ट बोलायच्या," बेकरीवाले सुस्कारले.

"मंडळी, खोलीत चला," पोस्टमास्तर बोट वर करत म्हणाले. "हा विषय नीट चर्चेला घेऊ."